सहा सिलिंडर की चार

माझा थोरला भाऊ गुणवंत याला जन्मभरात एकच गोष्ट स्वतःच्या मनाने निवडायला मिळाली, ती म्हणजे मोटारीचं इंजिन. नोकरी बापूंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लावून दिली. ते ज्या कारखान्यात होते त्यातच याला चिकटवलं. बायको मावशीने आर्वीहून शोधून आणली. जबलपूरच्या घमापुरातलं भाड्याचं घर आजोबांच्या वेळेपासूनचं. पाळी कोणती, रजा कधी, दिवाळी घरी की भट्टीवर, हे फोरमन ठरवायचा आणि फोरमनचं दिल्ली ठरवायची. आता दादाही नाही, घमापूरचं घरही नाही. मी विजय नगरला राहते. इंजिनाची गोष्ट काढली की घरातली नवी पिढी हसते. हसू देत बापडी.

दादा भट्टीवर होता. कारखाना कोणता ते विचारू नका. जबलपुरात तेव्हा ‘कारखान्यात आहे’ एवढं म्हटलं की पुरत असे आणि पुढे चौकशी करणाऱ्याकडे लोक संशयाने बघत. लोखंडाचे भाग लाल होईपर्यंत तापवायचे, लांब चिमट्याने उचलायचे आणि तेलाच्या हौदात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. बुडवलं की निळा धूर उठायचा तो सरळ तोंडावर. बासष्टला चीनची लढाई झाली तेव्हा आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. लढाई महिन्याभरात आटोपली, पाळी आटोपली नाही. पासष्टला पुन्हा तेच. आमच्या गल्लीतली माणसं संध्याकाळी सायकल हातात धरून पायी घरी येत, कारण पायडल मारायचं त्राण अंगात नसे. सगळी गल्ली दमलेली. बायका चुलीसमोर दमलेल्या, पुरुष ओसरीवर दमलेले, कुणी कुणाशी भांडतही नसे.

लढाया सुरू होण्याच्या जरा आधी दादाने मोटार घेतली होती. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर घरदार विकून ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याची जुनी मॉरिस. कशी घेतली ते मी सांगणार नाही. वहिनीच्या माहेरी अजून कळलेलं नाही. वहिनीला त्याने सांगितलं होतं, तुला आर्वीला मोटारीतून नेतो. पण त्याचा जीव वेगात होता. गौर नदीचा पूल ओलांडला की मंडल्याच्या रस्त्यावर एक लांब सरळ पट्टा लागतो. रविवारी सकाळी छावणीतले तरुण कॅप्टन, रेल्वेतली पोरं, सदर बाजारातल्या सराफाचा मुलगा आपापल्या गाड्या घेऊन तिथे जमत. शर्यत असं कोणी म्हणत नसे, हवा खायला जातो म्हणत. दादाने त्या मॉरिसचं इंजिन इतक्या वेळा उघडलं आणि घासूनपुसून बंद केलं होतं की एका रविवारी तिने एका कॅप्टनच्या नव्याकोऱ्या गाडीला मागे टाकलं. त्या आठवड्यात तो भट्टीसमोर गाणी म्हणत होता, असं त्याच्या सोबत्यांनी सांगितलं. घरी त्याला गाताना मी कधी ऐकलं नाही.

पासष्टच्या लढाईनंतर त्याच पट्ट्यावर इंजिनाच्या पोटातला दांडा तुटला आणि इंजिनाचीच बाजू फोडून बाहेर आला. बैलगाडीला बांधून मोटार घरी आणली. तुळशीराम मिस्त्री, ज्याचं घमापूर चौकात गॅरेज होतं आणि जो छिंदवाड्याकडचा असल्यामुळे आमच्याशी मराठीत बोलायचा, त्याने बोनेट उचललं, आत बघितलं आणि पुन्हा हळूच ठेवलं. मोटार अंगणात ताडपत्रीखाली गेली. वहिनी तिच्यावर पापड वाळवू लागली.

तिथून पुढे आमच्या घरात एकच विषय. तसंच दुसरं इंजिन बसवायचं की मोठं? तुळशीरामचं म्हणणं स्पष्ट होतं. “जेवढं होतं तेवढंच टाकायचं, तर मग बैलच जुंपा ना दादा. बैल घरचे राहतील.” त्याच्या नजरेत दोन इंजिनं होती. सैन्याच्या भंगाराच्या लिलावात दोन्ही अधूनमधून निघत. एक जीपचं, चार सिलिंडरचं. जुन्यापेक्षा मोठंच, पण साधं, धावायला बेताचं आणि ओढायला बळकट. दुसरं महायुद्धातल्या अमेरिकन ट्रकचं, सहा सिलिंडरचं. ते नुसतं साफ करून बसवायचं नव्हतं. दट्टे नवे, झडपा नव्या, सगळं उलगडून पुन्हा बांधायचं. तसं बांधलं तर गौरच्या पट्ट्यावर आपल्याला विचारणारा कोणी उरणार नाही, असं दादा म्हणायचा. बारा तास भट्टीवर काढून आलेला माणूस, जेवताना घास हातात तसाच धरून झोपणारा, सहा सिलिंडरचं नाव निघालं की ताठ बसायचा.

अडचण एकच होती. ते इंजिन लांब होतं, बोनेटखाली मावत नव्हतं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा कापून ते आत घ्यावं लागणार, आणि उजवीकडे स्टिअरिंगचा दांडा, म्हणून डावीकडे सरकवावं लागणार. म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारची सीट जाणार. जिथे बसणाऱ्याचे पाय यायचे तिथे इंजिन येणार.

“मग मी कुठं बसू?” वहिनीने विचारलं.

“मागं बस ना. मागची सीट अख्खी तुझीच आहे.”

“मागं सवारी बसते. मी काय सवारी आहे?”

“अगं, तसं नाही.”

“मग कसं आहे ते सांगा. तुम्ही पुढं, मी मागं, मधात तुमचं इंजिन. आर्वीला उतरल्यावर माझा भाऊ मलाच विचारंल, काहून ताई, टॅक्सी करून आली का.”

वहिनीचं नाव प्रमोदिनी, पण प्रमोद तिच्या वाट्याला फारसा आला नाही. लग्न झाल्यापासून नवरा तिने जास्त करून झोपलेलाच बघितला होता. त्या बाजूच्या सीटवर ती मोजून चार-सहा वेळा बसली असेल, पण ती सीट तिची होती, आणि ती सोडायला ती तयार नव्हती. मला तिचं पटायचं आणि दादाची दयाही यायची. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, लग्नाचं वय टळत चाललं होतं, आणि नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये एवढी अक्कल आली होती. वर्षं अशीच गेली. इंजिन कोणतं हे ठरत नव्हतं, आणि ठरलं असतं तरी बसवायला दादाजवळ रविवार नव्हता.

सत्तरच्या सुमारास त्याला धाप लागायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं बोलताना. आडवा झाला की छाती भरून यायची, म्हणून भिंतीला उशा लावून बसल्याबसल्या झोपायचा आणि पुन्हा पुन्हा जागा व्हायचा. विचारलं की म्हणायचा, “थकून राहिलो जरा. ओव्हरटाइम संपला की होईल बरोबर.” दवाखान्यात जा म्हटलं की पाळी पुढे करायचा. एका सकाळी मी शाळेत गेल्यावर वहिनी कुणाला न सांगता उठली, लुगडं बदललं आणि सरळ फोरमनच्या घरी गेली. नवऱ्याला भट्टीवरून काढा, दुसरं कुठलंही काम द्या, एवढं सांगायला.

आता वहिनीच्या हिंदीबद्दल सांगितलं पाहिजे. आर्वीहून येताना तिने हिंदी आणलीच नव्हती. इथे आल्यावर तिने मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावायला सुरुवात केली आणि भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी तिचं झकास जमत गेलं. फोरमनसमोर उभी राहून ती म्हणाली, “साहबजी, उनको भट्टी के पास बहुत दम लगता है.”

आपल्याकडे दम लागतो म्हणजे धाप लागते, हे पोराटोरांनाही ठाऊक. पण हिंदीत दम लगाना म्हणजे जीव तोडून ताकद लावणे. फोरमन उत्तरेकडचा, भला माणूस. त्याने हात जोडले. “बिलकुल सही कहा भाभीजी. बहुत दम लगाता है. ऐसे चार आदमी और होते तो हमको चिंता किस बात की थी.”

वहिनी खुशीत घरी आली. चहा पिताना मला म्हणाली, “सांगून आले मी. किती चांगले आहेत हो विभाताई, एका वाक्यात समजले. हातच जोडले त्यांनी.” काय बोलली ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर उजाडला. लढाई सुरू झाली, खिडक्यांना काळे कागद लागले, भोंगे वाजायला लागले. भट्ट्यांवर सगळ्यात भरवशाची माणसं पाहिजेत असा वरून हुकूम आला आणि फोरमनने पहिलं नाव दादाचं दिलं. एकाच्या जागी दोन भट्ट्या. दादा घरी आला, ओसरीवर टेकला आणि श्वास जरा खाली बसल्यावर वहिनीला म्हणाला, “तू गेली होती साहेबाकडं?”

“गेले होते. काय म्हणाले?”

“म्हणाले, तुमची मिसेससुद्धा सांगून गेली, गुणवंत बहुत दम लगाता है.”

वहिनीच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी समजावून सांगितल्यावर ती पांढरी फटक पडली. दादा मात्र हसायला लागला. हसता हसता त्याला इतकी धाप लागली की आम्ही दोघींनी त्याला दोन्हीकडून धरलं.

“तू सांगितलं काहून नाही त्यांना?” मी विचारलं. मला भयंकर राग आला होता, त्याचा, फोरमनचा, लढाईचा आणि सगळ्याच भाषांचा. “तिथल्या तिथं सांगायचं ना, की उलटं ऐकलं तुम्ही.”

“सगळ्यांसमोर पाठ थोपटली त्यांनी,” दादा म्हणाला. “सगळे बघून राहिले होते. आता लढाई चालून राहिली विभा, त्यात मी काय सांगू, की मला धाप लागते?”

लढाई दोन आठवड्यांत संपली. शहरात पेढे वाटले गेले. दादाच्या हातावर कुणीतरी पेढा ठेवला तो त्याने खिशात घातला आणि घरी आणून वहिनीला दिला. संक्रांतीच्या आत तो भट्टीपुढे कोसळला. तेव्हा कुठे डॉक्टरने त्याला नीट तपासलं, भट्टी बंद म्हणून सांगितलं, आणि त्याला कामाची अवजारं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. फोरमन घरी येऊन गेला. वहिनी आतून बाहेर आली नाही. तोही बिचारा मान खाली घालून बसला आणि चहा अर्धा टाकून गेला. डॉक्टरने दादाला बाजूला घेऊन आणखी काय सांगितलं ते त्याने आम्हाला कळू दिलं नाही.

आता दादाला रविवार मिळत होते. होळी झाल्यावर तुळशीरामचा निरोप आला, लिलावात दोन्ही मिळालीत, या आणि काय ते सांगा, एक ठेवतो आणि दुसरं विकतो. आम्ही तिघं गेलो. गॅरेजच्या अंगणात दोन्ही इंजिनं ओंडक्यांवर ठेवली होती. सहा सिलिंडरचं चांगलं हातभर जास्त लांब, तुळशीरामने घासून लखलखीत केलेलं. दादा त्याच्याजवळ बसला. हात ठेवला. एकेका झडपेवरून बोट फिरवलं, तुळशीरामला विचारलं, कुठल्या ट्रकचं, किती चाललं असेल, दट्टे कोणत्या मापाचे घ्यावे लागतील. बऱ्याच दिवसांत तो एवढं बोलला नव्हता. मध्ये थांबून श्वास घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. सीट गेली तर जाऊ दे असं तिने मनात ठरवलं होतं, हे तिने मला वाटेतच सांगितलं होतं.

दादा उठला. “जीपचं बसव,” म्हणाला.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटून तुळशीराम पुढे झाला. “कोणतं?”

“जीपचं. चार सिलिंडरचं. आणि पत्रा कापू नको, सीट राहू दे.”

“दादा, सात वर्षांपासून तुम्ही याच्यासाठी...” तुळशीराम सहा सिलिंडरकडे बोट दाखवत राहिला. दादा तोवर रस्त्याला लागला होता. तुळशीराम पुढे कितीतरी दिवस घुश्शात होता.

घरी आल्यावर वहिनीने शिरा केला. बेदाणे घातले, तूप सोडलं, आणि डोळे पुसत पुसत वाटी दादासमोर ठेवली. “माझ्यासाठी कशाला सोडलं तुम्ही ते,” ती म्हणाली. “मी बसले असते ना मागं.”

दादाने एक घास खाल्ला. मग म्हणाला, “तुझ्यासाठी नाही. ती सीट मला पाहिजे.”

“तुला कशाला?” मी विचारलं.

“मला नाही चालवता येणार आता. दहा मिनिटं क्लच दाबला की डोळ्यांपुढं अंधारी येते. चढावर काही झालं तर मी दोघींना घेऊन जाईन खाली. चालवायची तू. मी बाजूला बसतो, सांगतो.” त्याने पुन्हा श्वास घेतला. “जीपचं इंजिन हळू चालवलं तरी ओढते. चढावर सारखा गिअर नाही बदलावा लागत. तुला सोपं जाईल.”

वहिनी उठून आत गेली. मी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली, कारण ती कलंडत होती.

शहराबाहेर रिछाईकडे तेव्हा बरंचसं मोकळं माळरान होतं, कारखान्यांच्या शेड नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या. तिथे वहिनी मोटार शिकली. चाळिशीकडे झुकलेली बाई, लुगड्याचा काष्टा आवळून. दादा शिकवताना एक शब्द चढा बोलला नाही. तेवढा श्वासच नव्हता. लायसन्स काढायला गेलो तर तिथला बाबू सगळे प्रश्न दादाकडे बघून विचारायचा आणि उत्तरं वहिनी द्यायची. घमापुरात लोक दारात येऊन बघायचे. ती सरळ छान चालवायची, वळणं घ्यायची, ब्रेक वेळेवर मारायची. फक्त मोटार मागे घ्यायला तिला काही केल्या जमेना. मान वळवली की हातही वळायचे. म्हणून आम्ही जायचो ते वळसा घालून परत येता येईल अशाच वाटेने.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी दादा म्हणाला, “गौरच्या पुलापलीकडं चल.” तिथे आता कुणी जमत नव्हतं. कॅप्टनांच्या बदल्या झाल्या होत्या, रेल्वेतली पोरं संसाराला लागली होती. मी मागे बसले होते. पूल गेला, सरळ पट्टा आला. वहिनीने बैलगाडीला वाट दिली आणि तशीच संथ चालवत राहिली. मी दादाकडे बघितलं. वाटलं, याच्या जिवाला काय होत असेल. त्याची मान सीटला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. तो झोपला होता.

वर्ष-दीड वर्षात मी त्याला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. ताठ बसलेला, खिडकीतून वारा येत होता, इंजिनाची एकसारखी घरघर होती, आणि त्याची छाती हळूहळू वरखाली होत होती. घरात कितीही उशा लावल्या तरी जे साधत नव्हतं ते इथे साधलं होतं. मला रडू आलं ते मी पदरात दाबलं.

बरेला गाव मागे पडलं. “वहिनी,” मी हळूच म्हटलं, “परत फिरायचं ना?”

“कशी फिरवू? मागं घ्यावी लागंल. थांबवली की जागे होतील.”

“मग?”

“मग काय,” ती म्हणाली. “जाऊ द्या. रस्ता आहे ना.”

मागून सैन्याचे ट्रक आले, कारखान्यातून निघालेले, ओळीने आमच्या पुढे निघून गेले. धुळीने काच भरली. दादा हलला नाही. घाट लागला, जंगल लागलं. वहिनीचे हात स्टिअरिंगवर पांढरे झाले होते, खांदे आखडले होते, तरी तिने वेग कमी केला नाही की वाढवला नाही. चढावर तिने गिअर बदलला नाही. इंजिन ओढत राहिलं. मला भूक लागली, ऊन डोक्यावर आलं, आणि आम्ही तिघं जिथे जायचं नव्हतं तिकडे चाललो होतो.

शेवटी मंडल्याच्या बाजारात गर्दीने वाट अडवली. वहिनीने ब्रेक मारला, पण इंजिन बंद केलं नाही. मोटार रस्त्याच्या मधोमध घरघरत उभी. दोन्हीकडून हातगाड्या तुंबल्या. एक शिपाई काठी आपटत आला. वहिनीने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं आणि म्हणाली, “धीरे बोलो भैया. सो रहे हैं.” त्याने आत वाकून बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, हातगाड्या दुसऱ्या बाजूने काढायला लागला.

थोड्या वेळाने दादाने डोळे उघडले. समोरची दुकानं बघितली, वहिनीकडे बघितलं.

“बंद पडली?”

“नाही. चालूच आहे.”

त्याने कान देऊन ऐकलं. “मग राहू दे जराशी,” म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.